देहांतर आणि मनाविरुद्ध जडलेला जीव : चिनी प्रेमकथा मराठीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा. सुमारे बारा हजार अक्षरांची एक चिनी प्रेमकथा इंग्रजी भाषांतरावरून मराठीत आणायची आहे. शांघायच्या एका ऑफिसात काम करणारी शन निंग झोपते आणि जागी होते ती एका काल्पनिक राजवटीतल्या सरदारकन्येच्या शरीरात. त्या मुलीचं नावही शन निंगच. तिचं लग्न आजारी राजपुत्राशी ठरलेलं आहे. दोघांनाही ते नको आहे, म्हणून वर्षभरानं वेगळं व्हायचा करार होतो आणि वर्ष सरेपर्यंत दोघांचा जीव एकमेकांत गुंततो. पहिला खर्डा पूर्ण आहे, पण वाचणारे म्हणतात की संवाद संगीत नाटकासारखे वाटतात आणि प्रेम कधी झालं तेच कळत नाही. चुकतंय कुठे?

चूक बहुधा शब्दांत नाही, सर्वनामांत आहे. अशा कथेत प्रेम बोलून दाखवलं जात नाही. कोण स्वतःला काय म्हणतो, समोरच्याला काय म्हणतो आणि कुठल्या वस्तूला ‘माझी’ म्हणतो, यात ते उमटतं. इंग्रजीतल्या ‘आय’ आणि ‘यू’मध्ये हे सगळं सपाट होतं, आणि तुमच्या हातात आहे ते सपाट झालेलंच.

राजपुत्रापासून सुरू करू. मूळ चिनीत असा राजपुत्र स्वतःला ‘मी’ म्हणत नाही. तो ‘बन्वांग’ म्हणतो, म्हणजे ‘हा राजा’, आपल्या पदाचं नाव. साधा ‘मी’ चिनीत ‘वो’. कथेत कुठेतरी, बहुधा तापाच्या रात्री किंवा भांडणाच्या ऐन भरात, तो पहिल्यांदा ‘वो’ म्हणतो. मुळातला वाचक तिथे थबकतो, कारण पद गळून माणूस बोललेला असतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘आय’. मराठीत मात्र यासाठी सोन्यासारखी सोय आहे : ‘आम्ही’ आणि ‘मी’. ‘आम्हांला कुणाची गरज नाही’ म्हणणारा माणूस जेव्हा ‘मला झोप लागत नाही’ म्हणतो, तेव्हा वेगळं काही सांगावं लागत नाही. चिनी येत नसेल तरी ही जागा शोधता येते. मूळ मजकूर मिळवा, ‘बन्वांग’ची दोन अक्षरं आणि ‘वो’चं एक अक्षर शब्दकोशातून उचला आणि फाइलमध्ये शोधा. ‘वो’ इतरांच्या तोंडीही असणार, म्हणून फक्त राजपुत्राची वाक्यं वेगळी काढून पाहा. पाऊण तासाचं काम आहे, पण कथेचा कणा हाती लागतो.

निंगच्या बाजूनं शिडी अशी लावता येते : आधी ‘आपण’, मग ‘तुम्ही’, शेवटी ‘तू’. तिच्या तोंडी मुळात ‘छिएशन’ हा नम्रपणाचा शब्द असेल, ‘ही बायको’ अशा अर्थाचा. इंग्रजीत त्याचं ‘धिस कॉन्क्युबाइन’ होतं आणि तिथून मराठीत ‘ही दासी’. नाटकीपणा इथूनच शिरतो. तो शब्द सोडून द्या. नम्रपणा ‘आपण’मध्ये आणि क्रियापदात पुरेसा येतो : ‘आपण म्हणाल तसं.’ एक सावधगिरी हवी. मराठीत ‘तू’ प्रेमानं येतो तसा रागानं आणि तुच्छतेनंही येतो. म्हणून राजपुत्राचा पहिला ‘तू’ भांडणात खर्च करा, लगेच त्याला ‘तुम्ही’वर परत आणा, आणि दुसरा ‘तू’ जपून ठेवा. तो आला की वाचकाला फरक जाणवतो. ‘अहो’ मात्र नको. त्या एका शब्दानं अख्खा राजवाडा सदाशिव पेठेत येतो.

खर्डा दुरुस्त करण्याआधी एका कागदावर तक्ता करा. उभ्या रांगेत प्रसंग, आडव्या रांगेत पात्रांच्या जोड्या. प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी : स्वतःला काय म्हणतो, समोर काय म्हणतो, पाठीमागे काय म्हणतो. बारा हजार अक्षरांच्या कथेत पंधरा-वीस प्रसंग आणि पाच-सहा जोड्या असतात, एका पानात मावतं. पाठीमागचा रकाना विसरू नका. निंग दासीशी बोलताना राजपुत्राला ‘तो’ म्हणते की ‘ते’, यावरून ती कुठवर आली आहे ते कळतं. तिनं तोंडानं ‘ते’ म्हणावं आणि मनात ‘हा’ म्हणावं. ‘हा अजून जेवला नाही’ या वाक्यातला ‘हा’ जे सांगतो ते अर्ध्या पानाच्या वर्णनात येणार नाही.

आता देहांतराचा भाग. आधी शब्दाचा गोंधळ निस्तरू. चिनीत या प्रकाराला ‘छ्वान्युए’ म्हणतात, म्हणजे आरपार जाणं, ओलांडणं. त्यातच ‘छ्वान्शू’ हा पोटप्रकार : माणूस आपण वाचलेल्या पुस्तकातल्या पात्राच्या शरीरात जातो. ‘छोंगशंग’ वेगळं : तिथे माणूस मरून आपल्याच आयुष्यातल्या आधीच्या वर्षी जागा होतो. त्याला ‘पुनर्जन्म’ म्हटलं की घोटाळा होतो, कारण आपल्याकडे पुनर्जन्म म्हणजे नवं बाळ. तुमच्या कथेसाठी ‘परकायाप्रवेश’ सगळ्यांना सुचतो आणि वाचकाला चटकन कळतोही, पण त्यात हेतू आहे. अमरू राजाच्या देहात शिरणारे शंकराचार्य किंवा त्रिविक्रम राजाच्या देहात शिरणारे मच्छिंद्रनाथ स्वतःच्या इच्छेनं, विद्येच्या बळावर जातात आणि परत येण्यासाठी मूळ देह सांभाळून ठेवतात. निंगला कुणी विचारलेलंच नाही. चीनमध्येही हेतूची कथा आहे : ताओ परंपरेतल्या आठ अमर्त्यांपैकी ली थिएग्वाय देह सोडून जातो, शिष्य मुदतीआधीच त्याचा देह जाळतो, आणि त्याला एका लंगड्या भिकाऱ्याच्या प्रेतात शिरावं लागतं. ‘उसन्या प्रेतात जीव परतणं’ अशी म्हणच त्या भाषेत आहे. निंग भिकाऱ्याच्या देहात अडकलेल्या लीला जवळची आहे, आपल्या इच्छेनं परक्या देहात जाणाऱ्या योग्याला नाही. म्हणून ‘देहांतर’ हा शब्द मला जास्त नेमका वाटतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ‘देहान्तरप्राप्ती’ आपल्या कानांना परका नाही आणि त्यात इच्छेचा संबंध नाही. शीर्षकात, मलपृष्ठावर तो वापरा. कथेत मात्र निंगच्या तोंडी कुठलाच तत्सम शब्द नको. ‘मी दुसरीच्याच शरीरात जागी झाले’ एवढं पुरे. आणि ‘तिच्या अंगात आले’ असं चुकूनही लिहू नका, वाचकाला देवीचं वारं दिसेल. ‘कायापालट’ही नको, त्याचा अर्थ वेगळा.

या शरीराची पहिली धनीण म्हणजे चिनीत ‘युआन्जू’, शब्दशः मूळ मालक. इंग्रजीत ‘ओरिजिनल ओनर’. त्याचं ‘मूळ मालकीण’ केलंत की घरभाडं आठवतं. ‘मूळची निंग’ म्हणा, आणि ओळख पटल्यावर नुसतं ‘ती’.

आणि इथेच दुसरा धागा आहे. सुरुवातीला निंगसाठी सगळंच ‘तिचं’ असतं : तिचा हात, तिची आई, तिचं लग्न, तिचा नवरा. कथा पुढे सरकते तसं एकेक ‘माझं’ होतं. आधी शरीर होतं, कारण भूक आणि थंडी वाट बघत नाहीत. मग आई होते, मग खोली, सगळ्यात शेवटी नवरा. चिनीत मालकी दाखवणारं सर्वनाम बरेचदा गाळतात. इंग्रजी भाषांतरकाराला ते भरावं लागतं आणि तो सगळीकडे ‘माय’ भरतो. परिणामी तिसऱ्याच परिच्छेदात निंग ‘माझी आई रडत होती’ म्हणते आणि पुढचा सगळा प्रवास वाया जातो. खर्ड्यातले सगळे ‘माझा, माझी, माझं’ रंगीत पेननं खुणवा. प्रत्येकापाशी विचारा, इथवर ती पोचली आहे का? नसेल तर ‘तिची आई’ करा, किंवा मुळासारखं गाळा : ‘आई रडत होती.’ मराठीत गाळलेलं सर्वनाम खटकत नाही आणि संदिग्धपणाही टिकतो. ‘तिचा नवरा’ जिथे ‘माझा’ होतो ती जागा एकच असावी, आणि शक्यतो तिलाही उशिरा लक्षात यावी.

देहांतरात लिंग बदलत असेल, म्हणजे पुरुषाचा जीव स्त्रीच्या देहात, तर मराठीत हा प्रश्न टाळताच येत नाही. चिनी क्रियापदाला लिंग नाही, इंग्रजीलाही नाही, आपल्याला ‘गेलो’ की ‘गेले’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. मनातल्या बोलण्यात जुनं लिंग आणि उघड बोलण्यात देहाचं लिंग, ही वाट बरी. मग मनातलं ‘गेलो’ ज्या दिवशी ‘गेले’ होतं तो प्रसंग कथेत निवडून ठेवावा लागतो. निंगच्या कथेत ही अडचण नाही, पण तीच युक्ती बोलीसाठी वापरता येते. तिचं मन आजचं आहे : ऑफिस, बॉस, डेडलाइन, सुट्टी. तोंडानं मात्र तिला जुनं बोलावं लागतं. मनात ‘घटस्फोट’, तोंडी ‘फारकत’. मन चटपटीत आणि छोट्या वाक्यांचं ठेवा, उघड बोलणं संथ. सगळे संवाद नाटकी वाटतात याचं एक कारण हेच असतं की दोन्ही थरांना एकच शैली दिलेली असते.

फारकतीवरून एक महत्त्वाचं. इंग्रजीतल्या ‘डिव्होर्स’मागे चिनीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘श्यूशू’ म्हणजे नवऱ्यानं बायकोला टाकल्याचा कागद, आपली सोडचिठ्ठी. ‘हली’ म्हणजे दोघांच्या संमतीनं वेगळं होणं. ही दुसरी सोय कादंबरीकारांची कल्पना नाही. इसवी सन ६५३च्या थांग राजवटीच्या कायद्यात, पटत नाही म्हणून राजीखुशीनं वेगळं होणाऱ्या जोडप्याला शिक्षा नाही असं कलम आहे, आणि वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहांत अशा कागदांचे नमुनेही सापडले आहेत. करार ‘हली’चा असेल तर निंग बरोबरीनं बोलते आहे. ‘श्यूशू’चा असेल तर ती स्वतःला टाकून द्यायला सांगते आहे. कुठला आहे ते मुळात पाहिल्याशिवाय तो प्रसंग लिहू नका.

आता मनाविरुद्धच्या प्रेमाकडे. इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे आणि खर्ड्यात नेमकं तेच वापरलेलं नसतं. ‘ती स्वतःला हसण्यापासून रोखू शकली नाही’ हे मराठी नव्हे. तिला हसू आवरेना. ‘तो तिला सोडून जाणं सहन करू शकत नव्हता’ याऐवजी : त्याला निघवेना. राहवेना, बघवेना, बोलवेना, सोडवत नाही. आपल्या क्रियापदातला हा ‘व’ म्हणजे माणसाची इच्छा एकीकडे आणि अंग दुसरीकडे. नको असलेलं प्रेम सांगायला याहून नेटकं व्याकरण कुठे मिळेल? चिनीत ‘शबुद’ हा शब्द या कथांत वारंवार येतो, हातचं सोडायला जीव न होणं. इंग्रजीत त्याचं ‘रिलक्टंट’ होतं, आणि मराठी भाषांतरकार तिथून ‘अनिच्छेनं’ लिहितो. अर्थ चक्क उलटतो. ‘ती अनिच्छेनं गेली’ म्हणजे तिला तिकडे जायचं नव्हतं. ‘तिचा पाय निघेना’ म्हणजे तिला इथलं सोडवत नव्हतं. तसाच ‘शिन्थंग’ : इंग्रजीत ‘हार्टएक’, म्हणून मराठीत ‘हृदयात वेदना’. खरं म्हणजे जीव तुटणं, जीव कळवळणं. हे प्रेमाचं पहिलं चिन्ह आहे, दुखण्याचं नाही. हे प्रयोग मात्र मोजून वापरा. दर पानाला एक पुरतो. प्रत्येक ओळीत ‘वेना’ आलं की लयीचं रडगाणं होतं.

भावनेच्या शारीरिक खुणाही तपासा. चिनी कथांत नायकाचे कान लाल होतात ते लाजेनं. मराठीत ‘कान लाल झाले’ म्हटलं की कुणीतरी पिरगाळलेत किंवा अपमान झालाय. ‘कानाच्या पाळ्या तांबूस झाल्या आणि त्यानं मान वळवली’ अशी कृती जोडली की लाज कळते. ‘व्हिनेगर खाणं’ म्हणजे मत्सर. नुसता वाक्प्रचार असेल तर ‘पोटात दुखलं’ चालेल. पण जेवणाच्या ताटावर त्या शब्दाचा खेळ केला असेल तर व्हिनेगर ठेवावंच लागेल. ओठांचा कोपरा वर जाणं तर या कथांत पानोपानी असतं. तीनदा ठेवा, बाकीचे गाळा.

नाखुशी आणि जबरदस्ती यांतली रेषा पुसट करू नका. काही चिनी प्रेमकथांत नायकाची बळजोरी प्रेम म्हणून खपवलेली असते. निंग ‘नको’ म्हणत असेल तर मराठीत ‘नको’च हवं, ‘नको ना’ नव्हे. त्या एका ‘ना’नं नकाराचा लाडिक होकार होतो आणि तो तुम्ही घातलेला असतो. वयही बघा. जुन्या चिनी गणनेत मूल जन्मताच एक वर्षाचं आणि प्रत्येक नववर्षाला एकानं मोठं. सोळा वर्षांची म्हणजे आपल्या हिशोबानं चौदा किंवा पंधरा. जवळिकीचे प्रसंग असतील तर परस्पर आकडा बदलू नका, हक्कदाराशी बोलून बदल मंजूर करून घ्या.

नात्यांत मराठी पुन्हा वरचढ. इंग्रजीतला ‘कझिन’ पाहून ‘चुलतभाऊ’ लिहू नका. निंगचा आधीचा वाग्दत्त ‘बियाओग’ असेल, म्हणजे मामेभाऊ, मावसभाऊ किंवा आतेभाऊ. त्याच्याशी लग्न त्या समाजात रीतीचं होतं. ‘थांग्ग’ म्हणजे चुलतभाऊ, एकाच आडनावाचा, तिथे लग्न निषिद्ध. मामाची मुलगी करणाऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक समजावावा लागणार नाही, फक्त योग्य शब्द हवा.

नावांचा प्रश्न छोटा वाटतो, पण कथा बुडवू शकतो. रोमन लिपीत लिहिलेल्या चिनी नावांत ‘एक्स’ म्हणजे ‘श’, ‘क्यू’ म्हणजे ‘छ’, ‘झेडएच’ म्हणजे ‘ज’, ‘झ’ नव्हे. या कथांच्या नायकांचं एक लाडकं आडनाव रोमन लिपीत ‘जी-यू’ असं लिहितात. देवनागरीत ते सरळ उतरवलं की जे होतं ते मराठी वाचक प्रेमकथेत वाचू शकणार नाही. चिनी उच्चारात ते व्यंजन अघोषच आहे, म्हणून ‘कू’ लिहा. ते उच्चाराच्या अधिक जवळही आहे. ‘शी’ आणि ‘शू’ या आडनावांचंही तेच. दुसऱ्याचा खरा उच्चार बऱ्याचदा ‘श्यू’ असतो, आणि पहिलं कधीच एकटं ठेवू नका, पूर्ण नाव लिहा. आडनाव आधी येतं, तो क्रम ठेवा, आणि विभक्ती शेवटच्या नावाला लावा : कू यानला, शन निंगनं.

काळ आणि मोजमापं : ‘शिछन’ म्हणजे दोन तास, दिवसाचे बारा. त्याला ‘प्रहर’ म्हणू नका, प्रहर तीन तासांचा. पण दोन तास म्हणजे बरोबर पाच घटका, तेव्हा हिशोब सुटतो. ‘तिसरी घंटा’ म्हणजे रात्रीचे तीन नव्हेत, मध्यरात्र. ‘ल्यांग’ चांदीचं वजन काळानुसार बदलतं, छिंग राजवटीत साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे तीन तोळ्यांहून थोडं जास्त. आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या सणाला ‘कोजागिरी’ म्हणायचा मोह होतो. ती आपल्याकडची बहुधा भाद्रपद पौर्णिमा असते आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. ‘आठव्या महिन्यातली पौर्णिमा’ पुरे.

लग्नाच्या प्रसंगात अंतरपाट, मुंडावळ्या, हळद काही आणू नका. तिथे नवरीच्या डोक्यावर लाल ओढणी असते आणि वर ती तराजूच्या दांडीनं उचलतो, कारण ‘तराजू’ आणि ‘मनासारखं’ या चिनी शब्दांचा मेळ आहे. दोघांच्याही मनाविरुद्ध होणाऱ्या लग्नात ही दांडी फार बोलकी आहे. तळटीप नको, करवलीच्या तोंडी एक वाक्य द्या : ‘दांडीनं उचला राजे, म्हणजे सगळं मनासारखं होतं.’ आजाऱ्याचं लग्न लावण्यामागची ‘छोंगशी’ची समजूतही तशीच, एखाद्या म्हाताऱ्या दाईकडून : ‘घरात मंगल वाजलं की दुखणं पळतं.’

प्रकाशित करायचं असेल तर परवानगी आधी. भाषांतराचा हक्क १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार मूळ हक्कदाराकडे असतो आणि चीन १९९२पासून कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आहे, त्यामुळे ‘नेटवरच तर होती’ ही सबब चालत नाही. तुम्ही इंग्रजीवरून करताय, म्हणून इंग्रजी भाषांतरकाराची संमती वेगळी. चिनी लेखकाचे हक्क बरेचदा संकेतस्थळाकडे करारानं गेलेले असतात, तेव्हा पत्र दोघांनाही पाठवा.

राहिलं शेवटचं वाक्य. इंग्रजीत आहे ‘आय डोन्ट वाँट टू गो बॅक एनीमोअर’, आणि खर्ड्यात ‘मला यापुढे परत जायचे नाही आहे’. मुळात ते ‘वो बु श्यांग ह्वेइछू ल’ असणार. त्यातला शेवटचा ‘ल’ बदल दाखवतो : आधी वाटत होतं, आता वाटत नाही. ‘यापुढे’ नको, तो शब्द निर्णय सांगतो आणि निंगनं निर्णय घेतलेलाच नाही. तिच्या नकळत ते झालं आहे. ‘आता परत जावंसं वाटत नाही’ हे बरोबर आहे. ती आधी दारापर्यंत गेलेली असेल आणि तिथून वळली असेल, तर ‘आता माझ्याच्यानं जाववत नाही’ जास्त बरोबर. आणि हे ती राजपुत्राला सांगते आहे की स्वतःला, ते मुळात पाहून घ्या. त्याला सांगत असेल तर पुढे एकच शब्द जोडा, तोवर राखून ठेवलेलं त्याचं नुसतं नाव, बिनपदाचं.